चपटी

पावतीपुस्तकात रकाने चारच:
देणाऱ्याचं नाव, वस्तू, नग, अंदाजे किंमत.
आजवर मी लिहीत आलो
तूर, दोन पोती. घोंगड्या, अकरा.
म्हैस एक, भाकड, डाव्या शिंगाने मोडकी.
(सांगितली तशी लिहिली.)

कुमुदताई खोटरे समोर बसल्या,
पाणी प्यायल्या, भांडं पालथं घातलं
आणि टेबलावर दोन किल्ल्या ठेवल्या,
एकीला कवडी बांधलेली.
"लिहा. मोटार. एक. इटलीची."

गाव तिला चपटी म्हणायचं.
चपटी आली रे, असं पोरं ओरडली
की पारावरचे दोघेतिघे मोठ्या आशेनं उठत,
आणि समोरून लाल काहीतरी
घोरपडीसारखं पोट घासत निघून जाई.
खोटरे जिनिंगच्या यंत्रांचे फिटर.
मिलानला सहा वर्षं काढली
आणि आणलं काय, तर आल्फा रोमिओ,
बसायला दोन जण. घरात माणसं नऊ.
त्यांची आई ओट्यावरून म्हणाली,
"इले दूध तं नाई, शेणही नाई."

खारपाणपट्ट्याची माती ओली झाली
की बैलाचा खूर धरून ठेवते,
वाळली की भेगेत विळा हरवतो.
त्या मातीवर ती धावली किती?
चार महिने ताडपत्रीखाली.
बाकीचे आठ, पहाटे, दर्यापूरचा रस्ता,
नाल्याशी थांबायचं, चौघांनी उचलायची,
पलीकडे ठेवायची, पुन्हा चालू.
आत कड्या पद्मिनीच्या, घासून बसवलेल्या.
वायपर कुठल्याशा ट्रॅक्टरचा.
पोळ्याला मात्र तोरणाखाली, बैलांच्या रांगेत.
दिव्यांना बेगड, पुढच्या जाळीला पुरणाचा घास,
आणि झडती म्हणणारा तिच्याशी येऊन अडखळायचा.
तिच्यावर झडती कुणी रचलीच नव्हती.

विहिरींचं पाणी खारं.
मूत्रपिंडं त्यानंच जातात, असं एक डॉक्टर म्हणतात.
दुसरे म्हणतात, अजून सिद्ध नाही.
सिद्ध होईस्तोवर दर बुधवारी, शनिवारी
अंधारातली एसटी, अकोला,
सुजल्या पायांच्या चपला हातात.
खोटरेही अडीच वर्षं त्याच एसटीनं गेले.
येताना आडवं पडावं लागायचं,
आणि चपटीत आडवं पडता येत नाही.

"किंमत काय लिहू?"
"तुमीच पाहा."
मी एक हजार लिहिलं. खोडलं. जागा कोरी सोडली.

गिऱ्हाईक पुण्याचं आलं, हातमोजे घालून.
गाडीखाली पाठीवर सरपटत गेलं,
बराच वेळ बाहेरच येईना.
आलं तेव्हा डोळ्यांत काहीतरी होतं, धूळही असेल.
त्यानं आकडा सांगितला.
मी शून्यं पेन्सिलीनं मोजली, मग शाईनं काढली.
ट्रकच्या फळीवरून ती वर चढली
तेव्हा नाल्यावरचे ते चौघं, आता म्हातारे,
हात पुढे करून उभे होते.
"राहू द्या काका," ट्रकवाला म्हणाला, "मशीन आहे ओढायला."

कवडी कुठल्याच रकान्यात बसेना.
माझ्या खणात आहे, रबरी शिक्क्यांपाशी.

दवाखान्याच्या मागच्या खोलीला पांढरा रंग दिला.
यंत्रं तीन आली. पहिल्यावर पंजाब तायडे.
कुमुदताई आल्या, दाराशी चपला काढल्या,
नळीतलं लाल फिरताना पाहत राहिल्या.
"किती जाते हे?"
"मिनिटाला अडीचशे," नर्स म्हणाली,
मिलिलिटर म्हणायचं विसरली.
ताई पदर तोंडाला लावून हसल्या.
"बापा! आमच्या घरच्याईची साठच्या पुढं कधी नाई गेली,
अन् तू झोपल्या झोपल्या?"

"जात तं कुठंच नाई, ताई," पंजाब म्हणाला,
"पन दुपारी घरी असतो आता.
किती वाजले? म्हशी धुवाच्या राह्यल्या."