घाण्याचा क्रमांक

चिआतुराच्या घळीत, क्विरिला नदीच्या वर,
जिथे माणसं कामाला लोंबकळत जातात,
खालच्या स्टेशनामागे वंगणाचं कोठार आहे.
खिडकी एक, तीही उत्तरेला.
वंगणाला ऊन मानवत नाही, असं मझेविनार म्हणते.
तिला स्वतःलाही फारसं नाही.

नव्या पोराला, बादरीला, पहिल्या दिवशी
तिने फक्त पिंपं मोजायला लावली.
सगळी आडवी निजलेली,
बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊवर.
"उभं ठेवलंस तर डोक्यावर पाणी साचतं.
रात्री पिंप गारठतं, आत श्वास ओढतं,
श्वासाबरोबर ते पाणीही पितं.
मग तारखेची वाट कशाला बघायची?"

दुसऱ्या दिवशी तारखा.
डब्यांच्या बुडाशी ठोकलेल्या,
काही भरल्याच्या, काही संपण्याच्या,
काहींवर नुसता घाण्याचा क्रमांक.
त्यासाठी कारखान्याला फोन लावायचा,
तिथली बाई म्हणते, थांबा, वही बघते,
आणि जेवायला जाते.
लोक डोळ्यांत तेल घालून राखण करतात;
मझेविनारच्या डोळ्यांत चष्मा आणि आकडे.
"झाकण उघडलं की छापलेलं विसर.
त्या दिवसापासून दुसरं घड्याळ.
ते आपण लिहायचं. खडूने नाही."

मग मागच्या फळीवर तो डबा सापडला.
सील शाबूत, तारीख चौदा महिने मागे.
ग्रीसवर बोटभर तेल सुटलेलं,
मधासारखं, नितळ.
बादरीने चिमटीत घेऊन चोळलं, हुंगलं.
"चांगलं आहे की!"

तिनेही चोळलं. बराच वेळ.
"चांगलं असेल.
तारीख म्हणजे मरण नव्हे रे,
बनवणाऱ्याचा शब्द तिथवर पोचतो, इतकंच.
पुढे शब्द तुझा.
किती माणसं पेलतो तुझा शब्द?"

वर दोन नंबरचा पाळणा तेव्हाच सुटला होता:
आठ माणसं, एक सायकल, अंड्यांची टोपली,
काचेला नाक चिकटवलेली कुणाची तरी मुलगी.
बादरी दाराबाहेर बघत राहिला,
हात पँटला पुसायचं विसरून.

संध्याकाळी चहा ओतताना म्हणाला,
"तुमची तारीख जूनमध्ये ना?"
"माणसाचं वंगणाला लावू नकोस," ती म्हणाली.
"सुटलेलं तेल ढवळलं तर कधी परत मिसळतं.
मला ढवळून बघ, कप डोक्यात घालीन."

डब्यावर तिने रंगाने लिहिलं: दोराला नाही.
आणि तो काखेत मारून घरी नेला,
आधीचे नेले तसाच.
तिच्या फाटकाच्या बिजागऱ्या
एकोणीस वर्षं कुरकुरलेल्या नाहीत.
कोण आत आलं, कळतच नाही,
म्हणून तिने फाटकाला
बकरीची घंटा बांधली आहे.