आत ओढलेला सूर

चाळीस वर्षं मी त्याच्या मागं बसलो.
ड्रमवाल्याला पुढारी पाठमोराच दिसतो:
मानेवरचा घाम, उसवलेली कॉलर,
आणि सूर वाकवताना डावा खांदा
जरासा खाली,
कुणी हातात बाजाराची पिशवी दिल्यासारखा.

इलाही शिकलगार. उद्यमनगरात लेथवर.
बोटांच्या पेरांत लोखंडाचा कीस
आणि खिशात दहा भोकांचा माउथ ऑर्गन.
मला पहिल्यांदा विचारलं, "ताल कळतो का?"
मी म्हणालो, "शाळेत लेझीम खेळलोय."
"मग ती विसर. बस."

घराणं धार लावणाऱ्यांचं. विळ्या, कात्र्या, न्हाव्याचे वस्तरे.
यानं पितळेच्या पट्ट्या धरल्या, नखाएवढ्या.
बल्बपुढं धरायचा, कानशीनं खरवडायचा, फुंकायचा,
परत खरवडायचा.
टोकाला घासलं की सूर चढतो,
बुडाला घासलं की उतरतो.
"आणि मधी?" मी विचारलं.
"मधी घासलं की बायको वरडते, झोप म्हणून."

ते गाणं आलं कुवेतहून,
मेहुण्याच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला,
अर्धं पुसलेलं, वर कुणाच्या तरी साखरपुड्याचं बोलणं.
गाणारा कोण, कधीच कळलं नाही.
कापूस वेचणाऱ्यांचं म्हणे, परक्या मुलखातल्या.
इलाही म्हणाला, "कापूस काय, ऊस काय,
पाठ तीच."
आणि कॅसेट इतक्यांदा मागं फिरवली
की साखरपुडासुद्धा आम्हाला पाठ झाला.

नीलम ऑर्केस्ट्रा. मेटॅडोरवर निळी पाटी.
गिटारवर शमुवेल लोखंडे, कीबोर्डवर बंडा कातवरे,
बिदागी वहीत, वही इलाहीच्या उशाखाली.
बारशी, वाढदिवस, कारखान्याचा गळीत हंगाम,
निवडून आलेल्यांचे सत्कार, आणि पडलेल्यांचेही,
एकदा तर एकाच मांडवात.
लोकांनी मागितलं ते वाजवलं.
पण दीड वाजता, पाहुणे पांगल्यावर,
आचारी चुलीवर पाणी मारत असताना,
तो मागं न बघता बोट वर करायचा.
म्हणजे: आता निळं.

ऐकायला भांडी घासणाऱ्या बायका.
एक नेसरीची बाई घासायची थांबली होती,
हातात राखेचा गोळा तसाच.
"ह्यात शब्द न्हाईत?" तिनं विचारलं.
"हायत की," इलाही म्हणाला, "मला येत न्हाईत."

मग भिंतीएवढे स्पीकर आले.
शमुवेल चर्चमध्ये वाजवायला लागला, बंडा पुण्याला गेला,
आमचे दोन बॉक्स इलाहीनं ज्याला विकले
तो त्याचाच चेला. घासाघीस केली नाही.
वायरी मात्र काढून घेतल्या,
का ते मला अजून कळलेलं नाही.

सनईत श्वास घालायचा, क्लॅरिनेटमध्येही घालायचा.
हे एकच वाद्य घेतल्या श्वासातही बोलतं,
आणि निळं सगळं ओढण्यातच असतं,
हे त्यानं मला सांगितलं सीपीआरच्या वॉर्डात,
फुप्फुसात फाउंड्रीची वाळू,
हातात डॉक्टरांनी दिलेलं प्लॅस्टिकचं खेळणं:
तीन नळ्या, तीन गोळ्या,
ओढायचं आणि गोळ्या वर न्यायच्या.
शेजारचा म्हातारा दोन उचलत होता.
इलाहीची एकच उठली. तीही अर्धी.

पण त्यानं ती तिथं धरली.
घशातून जरा हलवली,
गोळी नळीत थरथरायला लागली,
आणि त्याचा खांदा खाली गेला.

मी समोर स्टुलावर बसलेलो.
वाजवताना तो डोळे उघडे ठेवतो
हे मला माहीत नव्हतं.
मी खाटेच्या लोखंडावर दोन बोटं टेकवली.
नर्स म्हणाली, "आवाज नको."
इलाहीनं, गोळी न पाडता,
एक बोट वर केलं.