तिसरं कडवं

घुमटाला बकरीचं कातडं. मढवलं शाणूनं,
जो दिवसा विजेच्या खांबांवर असतो.
गिटार रोझारियोची, एक तार उसनी.
शब्द माझे,
पंचायतीच्या रद्द पावत्यांमागे लिहिलेले.

गाणं आमच्या चोडणवर:
मानशीचं फुटलेलं दार,
खाजनात शिरलेलं खारं पाणी
आणि तिसऱ्या कडव्यात फेरीबोटीचा आग्नेल,
जो कुणासाठी थांबत नाही.

फेस्ताच्या मांडवात लोक खूप हसले.
आग्नेल मागे उभा. हातात सोडा.

सकाळी धक्क्यावर पोचलो, उशिरा, धापा टाकत.
बोट उभी होती.

दोर सोडताना,
माझ्याकडे न बघता,
कठड्यावर बोटं वाजवत तो म्हणाला,
"तिसऱ्यात एक ठोका जास्त पडतो.
'नाही' कशाला?
'ना' म्हण.
बसतं."