आढळले नाही

दुधी आला स्टीलच्या डब्यातून, झाकणावर रबर.
चिठ्ठीवर नाव नाही, नुसता आकडा, ४१७.
पेलाभर रस पिऊन कुणीतरी
रात्रभर रक्त ओकलं, एवढंच फोनवर कळलं.
ज्याचा रस झाला तो दुधी तर पोटात गेला.
हा त्याच्या पाटीतला, शेजारी पडलेला.

शिरोलीत आमची लॅब, फाउंड्रीच्या पाठीमागं.
हातोडा पडला की तराजूचा चौथा आकडा हलतो.
मी थांबते. तो स्थिर होतो. मग लिहिते.

आधी घ्यायचा कोरा दुधी,
ज्यात काही नाही असं आपण धरून चालतो.
त्यात मोजून कडू घालायचं, मुद्दाम,
आणि बघायचं यंत्र किती परत देतं.
शंभरातले सत्त्याऐंशी आले.
तेरा गाळणीत, काचेला, कुठंतरी.
इंगवले सर म्हणतात, सत्त्याऐंशी म्हणजे सोनं.
उधारीवर भाजी विकणाऱ्यालाही तसंच वाटत असेल.

मग ४१७. पाच ग्रॅम, मिथेनॉल,
पंधरा मिनिटं थरथर, फिरकीत चोथा तळाला,
वरचं निवळ तेवढं कुपीत.
अकरा मिनिटं चाळीस सेकंदांनी
कडूनं डोकं वर काढायला हवं.
रेषा किंचित शहारली
आणि सपाट पुढं गेली.

आनसाबाई दारातच उभी, चपला हातात.
"माझ्या भाजीत इख हाय का न्हाई, तेवढं सांगा."
कागदावर छापलेलं: आढळले नाही.
खाली बारीक अक्षरांत मोजण्याची मर्यादा.
म्हटलं, नाही असं नाही मावशी, आढळलं नाही.
"आमच्यात दोन्ही एकच."
चार घड्या घालून तिनं तो चंचीत ठेवला,
पानाशेजारी, चुन्याचा डाग लागेल असा.

गुरुवारी कपिलतीर्थावर तिच्याकडंच गेले.
तिनं देठाकडची चकती काढली,
दाताखाली धरली, थुंकली.
माझी नजर आपसूक घड्याळाकडं. चार सेकंद.
"ग्वाड हाय. घ्या."
लॅबच्या भिंतीवर पाटी आहे: काहीही चाखू नये.

रोज चाखता? मी विचारलं.
पिशवीत दुधी टाकत म्हणाली,
"त्या दिवशी लई गर्दी हुती,"
आणि सुट्टे न देताच
पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.