काटा

रॉलिन्सच्या अलीकडे
गुरं अडवायच्या लोखंडी जाळीवरून ट्रक गेला
की काटा पंचावन्नवरून शून्यावर.
आम्ही तर पळतोय.

गॅरेजात आणला की शहाण्यासारखा वागतो.
वेन्डेल म्हणतो, डॉक्टरसमोर दुखणं लपतंच.

सेन्सर नवा घातला, अठ्ठेचाळीस डॉलर. तेच.
मग मी मागच्या ॲक्सलखाली उताणी,
बॅटरी दातांत,
मीटर लावून वायर बोटांनी हलवत:
आकडा आहे, आहे, आहे,
नाही.

चेसिसच्या कडेला घासून घासून
रबराखाली तांबं हिरवं पडलेलं.
एकोणतीस वर्षं.

"नवी ओढू?"
गुडघा सावरत वेन्डेल वाकला.
"जोड दे. हिवाळा निघेल."

संध्याकाळी जाळीवरून तीनदा गेलो.
काटा थरथरला फक्त.
दोघंही त्याच्याकडेच बघत,
रस्ता सोडून.