चुकलेला पीळ

नेसा टपाल कचेरीतून निवृत्त झाली
आणि त्याच हिवाळ्यात तिने माझ्या हातात सुया दिल्या.
मी फेरीबोटीवरचा खलाशी, दोरखंड फेकणारा.
"गाठी येतात ना? मग वेणीही येईल," म्हणाली.
बोट तीन दिवस धक्क्यालाच होती,
इनिश मानच्या दगडी कुंपणांच्या फटीफटीतून
पश्चिमेचा वारा शीळ घालत होता.

तीन टाके जादा सुईवर घे.
पुढे धरलेस तर वेणी डावीकडे झुकेल,
मागे धरलेस तर उजवीकडे.
मग पुढचे तीन वीण, मग थांबलेले तीन.
एवढंच. बाकी सगळं घट्ट-सैलाचं राजकारण.

तिची जादा सुई म्हणजे एक लाकडी काडी,
दोन्ही टोकं घासलेली,
पार्सलांच्या लाखेने मधोमध लाल झालेली.

वेणीच्या डाव्या काठचा टाका
नेहमी गबाळा निघतो, माझाच नाही, सगळ्यांचा.
सुलट्यावरून उलट्याकडे जाताना
धागा लांबचा रस्ता धरतो
आणि उरलेली लोकर मागच्याच्या पदरात टाकून मोकळा होतो.
म्हणून पहिल्या उलट्या टाक्याला
धागा वरून नको, खालून गुंडाळ, जवळच्या वाटेने.
परतीच्या ओळीत तो तिरका उभा दिसेल,
त्याच्या मागच्या पायात सुई घाल,
मुकाट सरळ होईल.

मोजायला चष्मा लागत नाही.
पीळ पडतो तिथे भोक राहतं,
मागून बोट घाल, वरच्या आडव्या दोऱ्या चाचप.
आठ झाल्या की फिरव.

उन्हाळ्यात पाहुणे विचारतात,
बुडालेला माणूस म्हणे विणीवरून ओळखतात?
नेसा म्हणते, ते दुकानवाल्यांना विचारा,
मी फक्त बाह्या पुरतात का ते बघते.

स्वेटर फेखीनसाठी होता, बॉस्टनच्या माझ्या भावासाठी.
वडिलांच्या होडीवरून बिनसलं, त्याला अकरा वर्षं झाली.
होडी कधीच कुजली.
सुंभ जळतं, पीळ राहतो, तसे आम्ही दोघे.

मार्चमध्ये तिने अंगठा पाठीवरून फिरवला
आणि एका जागी थांबवला.
"इथे मागे धरलेस. पुढे धरायचे होते."
चोवीस ओळी खाली.
मी सगळंच उसवायला निघालो.
तिने सुईवरून फक्त सहा टाके सोडले.

सहा टाके सोडलेले पाहणं
म्हणजे धक्क्यावरून दोर सुटलेला पाहणं.
शिडीसारख्या दोऱ्या उघड्या पडल्या,
चोवीस पायऱ्या, खाली तो चुकार पीळ,
त्याच्या अल्याडपल्याड बाकीचं विणकाम
जसंच्या तसं, काही झालंच नाही असं.
"आता चढ," म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

एक दोरी, एक ओळ.
पुढे धरून पहिला पीळ.
आठ दोऱ्या. पीळ. आठ दोऱ्या. पीळ.
चहा थंड झाला. तिने दुसरा केला, तोही.
वर पोचलो तेव्हा वेणी बरोबर होती,
पण थोडी धापा टाकत असल्यासारखी.
सुईच्या टोकाने तिने एकेक टाका उचलला,
सैलपणा शेजाऱ्यांत वाटून दिला.
"उरलेलं पाणी बघेल."

आणि पाण्याने बघितलं.
ओला स्वेटर टेबलावर आडवा,
दोन दिवस आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो.

पार्सल तिनेच बांधलं, जुन्या सवयीने
तळहातावर तोललं. "नऊशे ग्रॅम."
काउंटरवरच्या पोराचा काटा नऊशे दहा म्हणाला,
ती काट्याकडे बघत राहिली.

मग मला: "चिठ्ठी?"
"नाही."
"बरं," म्हणाली,
आणि लाख खिशातच ठेवून
दोरीची गाठ
सैल ठेवली.