अधिक पंधरा

कोकण भवन, पाचवा मजला, आस्थापना-दोन.
माझ्या कपाटात एकशे चौदा माणसांचे
न घेतलेले दिवस आहेत.
एक जानेवारी, एक जुलै,
प्रत्येकाच्या नावावर मी पंधरा मांडते.
कोणी बघायला येत नाही.
दिवस चढत जातात, पिंपात पाणी चढावं तसे.
तीनशेला काठ.

काठाला लागलेल्यांचं वेगळं लिहायचं:
तीनशे, अधिक पंधरा.
हे पंधरा पाहुण्यासारखे
सहा महिने दाराशी बसून राहतात.
आत या म्हणायची नियमात सोय नाही.
मुदत सरली की उठून जातात,
आणि मी लाल शाईने लिहिते, व्यपगत.

हसुराम कोळी, पद नाईक, राहणार दिवाळे.
आमच्या खिडकीतून त्यांच्या घराचा पत्रा दिसतो
असं ते म्हणतात. मला सगळे पत्रे सारखे.
त्यांचे तीनशे भरले तेव्हा
माझी मुलगी बालवाडीत होती.
आता ती पुण्यात नोकरी करते,
तिलाही रजा मिळत नाही.

त्यानंतर सेवापुस्तकात रजा दोनच.
अकरा दिवस: पत्नीचं आजारपण, वाशी.
सहा दिवस: कार्योत्तर मंजूर,
कारणाचा रकाना कोरा.
तारीख पाहिली आणि पान उलटलं.

निवृत्तीची फाईल करताना
उगाच बेरीज करून बसले.
छत्तीस सहामाह्या, पंधरा-पंधरा,
वजा सतरा.
पाचशे तेवीस.
हा आकडा लिहायला कुठल्याच नमुन्यात जागा नाही.
समासात लिहिला, पेन्सिलीने.

चहाची सुट्टी नाणी मोजता मोजता त्यांनी विचारलं,
"तीनशेचे पैशे मिलतील ना, बाई?"
मिळतील. शेवटच्या पगाराच्या दराने.
"आन् ह्ये कडंचं?"
ते गेले.
"कुठं?"

सव्वीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं.
लेखापरीक्षणवाल्यांनीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी अर्ज आला.
येत्या शुक्रवारी एक दिवस अर्जित रजा,
जोडून शनिवार-रविवार उपभोगण्याची
परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.
रविवारी नोकरी संपत होती.
अक्षर टपोरं, नातवाचं असावं.

टिपणीस मॅडम वैतागल्या.
"अहो, शुक्रवारी तुमचाच निरोप समारंभ!
शाल आणून ठेवलीय.
आणि एका दिवसाला कोणी अर्जित टाकतं का?
किरकोळ टाका."
"किरकोल नको," ते म्हणाले,
"त्या बुडालेल्यातला येक द्या."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.
मी नियम चाळायचं नाटक केलं.
मंजूर.

शुक्रवारी चार वाजता समारंभ झाला.
ज्यांनी भाषण लिहून आणलं होतं, त्यांनी ते केलं.
शाल खुर्चीच्या पाठीवर घातली,
श्रीफळ बैठकीवर घरंगळत होतं, कोणीतरी वही टेकवली.
बटाटेवडे पुरले. एक उरला.

मी खिडकीशी गेले.
खाडीला ओहोटी. पत्रे सगळे सारखे.
एकावर कोणीतरी निळं प्लास्टिक ताणत होतं,
चार कोपऱ्यांना विटा ठेवत,
अजिबात घाई न करता.
ते असतील, नसतील.

टेबलाशी परत आले. खोडरबर शोधलं.
समासातला तीन पुसला,
दोन केला.